ठाणे-नवी मुंबईतली नोकरी आणि देवाची सेवा: नव्याने आलेल्या ख्रिस्ती तरुणांसाठी मार्गदर्शक

नगर, जालना, मिरज, सोलापूरकडून दरवर्षी कितीतरी ख्रिस्ती मुलंमुली ऐरोली, रबाळे, महापे, नेरूळ, वागळे इस्टेट इथे कामाला येतात. गावी कोणी रविवारच्या शाळेत शिकवत असतं, कोणी गायनमंडळात असतं, कोणी तरुण संघाचं काम पाहत असतं. इथे शिफ्ट, लोकल, भाड्याची खोली आणि डबा यांत आठवडा संपतो. मग आमच्या मंडळीत आलं की हीच मुलं सांगतात, "ताई, देवाची सेवा करायला वेळच उरत नाही." मी रबाळ्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते आणि या वाटेवरून चालत आले आहे. म्हणून पायरीपायरीने लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पाळकसाहेब 'पूर्णवेळ सेवेत' आणि आपण बाकीचे 'नोकरीत', अशी वाटणी आपण सहज करतो. पवित्र शास्त्रात ती मला सापडत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला, आणि तोवर पाप जगात आलेलंही नाही. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देव आपल्या आत्म्याने भरतो तो बसालेल सोनं, चांदी, पितळ, लाकूड यांत काम करणारा कारागीर आहे. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करायचा. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस पत्रातलं वचन तर दासांना लिहिलेलं आहे. ज्यांना ना पगार ना सुट्टी, त्यांच्या धुण्याभांड्यांना आणि शेतीला पौल प्रभूची सेवा म्हणतो. मग आपली आठ तासांची शिफ्ट सेवेबाहेर कशी राहील?

मराठी मुलखात ही परंपरा जुनी आहे. १८११ साली श्रीरामपूरला (बंगालमधल्या) मराठी नवा करार छापणारे विल्यम केरी मुळात चांभारकाम करणारे होते, आणि भारतात आल्यावर पोटासाठी त्यांनी निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी केली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात बायका विणकाम करायच्या, छापखाना चालवायच्या, आणि रमाबाईंनी भाषांतर केलेल्या बायबलचे खिळेही त्यांनीच जुळवले. तिथे प्रार्थना आणि काम एकाच छपराखाली होतं.

काय काय जवळ ठेवाल

- गावच्या मंडळीचं सभासदत्वाचं किंवा बदलीचं पत्र. कॅथलिक असाल तर बाप्तिस्म्याचा दाखला. पुढे लग्नाच्या वेळी हेच कागद लागतात आणि तेव्हा धावपळ होते.
- नियुक्तिपत्र आणि कंपनीचे रजेचे नियम, दोन्हींच्या प्रती.
- यूएएन (तुमच्या पीएफ खात्याचा कायमचा) क्रमांक आणि पगाराच्या चिठ्ठ्या.
- घरभाड्याचा नोंदणीकृत करार.
- एक साधी वही. तिचा उपयोग तिसऱ्या पायरीत सांगते.

१. पहिल्याच महिन्यात एका मंडळीत नाव घाला

'आधी नोकरीत स्थिरावतो, मग चर्च शोधतो' असं म्हणणारे बरेचजण वर्षभर कुठेच नसतात. मंडळी निवडताना ती तुमच्या खोलीपासून किती जवळ आहे हे आधी पाहा. कल्याणला मामांची मंडळी आहे म्हणून घणसोलीहून दर रविवारी तिकडे जायचं ठरवलं तर ते फार दिवस चालत नाही. रविवारी अनेकदा हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असतो, आणि ठाण्याला उतरून पुढची गाडी धरेपर्यंत उपासनेची वेळ निघून जाते. कॅथलिकांना शनिवार संध्याकाळच्या मिस्सेचा पर्याय असतो. मराठी मिस्सा कधी आहे ते पॅरिशच्या सूचनाफलकावर पाहा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी काही शाळेच्या हॉलमध्ये भरतात, बाहेर मोठी पाटी नसते. गावच्या पाळकांना विचारलंत तर त्यांच्याकडे इथला एखादा फोन नंबर असतोच.

आपल्यासारखंच काम करणारी दोन माणसं तिथे शोधा. नर्सला नर्सची अडचण कळते, फिटरला फिटरची. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर ही दोन माणसं लागणार आहेत.

२. नियुक्तिपत्र वाचा, आणि रविवारचं आधी बोला

सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा: आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, शिफ्ट कशी फिरते, सणाच्या सुट्ट्या कोणत्या. आठवड्याची सुट्टी रविवारीच असेल असं नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी (२०२५ पर्यंत ही अट दहा कामगारांची होती) वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या. या चारमध्ये नाताळ आहे का, गुड फ्रायडे आहे का, हे जानेवारीतच विचारा. नसेल तर रजेचा अर्ज तेव्हाच देऊन ठेवा.

मुलाखतीत 'रविवारी मी येणारच नाही' असं सुनावण्यापेक्षा 'रविवारी सकाळ मोकळी मिळाली तर मी शनिवारी रात्रीची शिफ्ट घेईन' असं म्हणणं चांगलं. रुग्णालयात, पोलिसांत, विजेच्या कामात रविवारी कोणाला तरी यावंच लागतं. येशूने शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्यांना बरं केलं होतं. तुमची पाळी आली तर जा आणि त्या आठवड्यात दुसरा दिवस विसाव्यासाठी राखा.

३. काम स्वतःच नीट करा

माझ्या मते हीच मुख्य पायरी. सहकाऱ्यांना सुवार्ता सांगता यावी म्हणून नोकरी, किंवा दशमांश देता यावा म्हणून नोकरी, असं आपल्याकडे शिकवलं जातं. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत. पण तेवढंच धरलं तर मधले आठ तास रिकामे राहतात. तुम्ही तपासलेला व्हॉल्व्ह कुठल्यातरी बॉयलरवर बसणार आहे. तो नीट तपासला तर तिथल्या माणसाचा जीव सुरक्षित राहतो, आणि तो माणूस देवाचा आहे. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा कारखान्यात अशी पाळली जाते.

कसोटी लागते ती कोणी पाहत नसताना. गुणवत्ता विभागात दर दोन तासांनी रीडिंग घ्यायचं असतं. रात्रपाळीत पहाटे तीनला मागचाच आकडा पुन्हा लिहून टाकावासा वाटतो. नेरूळ-वाशीच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या आमच्या मंडळीतल्या मुली हेच सांगतात: पेशंट झोपलेला असतो आणि रक्तदाब न मोजताच तक्त्यात भरायचा मोह होतो. आयटीत तक्रार न सोडवताच 'सोडवली' म्हणून बंद केली जाते. एपीएमसी बाजारात काटा थोडा हलका लावला जातो. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात खरी तराजू आणि खरी वजनं यांची आज्ञा आहे. मला रीडिंगचं रजिस्टर त्या तराजूच्याच जागी दिसतं.

आता ती वही. रोज काम संपताना दोन ओळी लिहा: आज माझ्या कामाचा उपयोग कोणाला झाला, आणि कुठे मी काम उरकून टाकलं. आठवड्याने वाचा आणि प्रार्थनेत ठेवा. चार आठवड्यांत तुमची नेहमीची पळवाट कोणती ते त्या पानांवर दिसायला लागेल.

कौशल्य वाढवा. बसालेलला आत्म्याबरोबर बुद्धी, ज्ञान आणि हातात कसब दिलं होतं. आयटीआय झालं असेल तर सीएनसीचा पुढचा कोर्स करा. नर्सिंगवाल्यांनी नवी यंत्रं शिकून घ्या. प्रार्थनेत उत्साही आणि कामात कच्चा असा माणूस सहकाऱ्यांवर ओझं टाकतो, कारण त्याचं राहिलेलं काम त्यांना करावं लागतं.

शिफ्ट संपताना हँडओव्हर सविस्तर लिहा. कोणतं मशीन आवाज करतंय, कोणता माल अडवून ठेवलाय, कोणाला फोन करायचा राहिलाय. पुढच्या शिफ्टच्या माणसाची अर्धी रात्र त्याने वाचते.

*इथे फसतात ते:* कामाच्या वेळेत मोबाइलवर बायबल वाचत बसणं, आणि प्रार्थनासभेला जायचं म्हणून 'पोट दुखतंय' सांगून लवकर निघणं. त्या वेळेचा पगार आपण घेतलेला असतो. नहेम्याने राजाला उत्तर देण्याआधी उभ्या उभ्या प्रार्थना केली. कामावर तेवढी पुरे. मोठी प्रार्थना ठाणे-वाशी गाडीत करा, किंवा पहाटे खोलीवर.

४. पैसा आणि कागद

इथे पाय घसरतो तो छोट्या रकमांवर. प्रवासाचं बिल थोडं फुगवणं, मित्रासाठी हजेरी लावणं, भावाच्या नावाने खोट्या भाडेपावत्या जोडून करसवलत घेणं. जुन्या करपद्धतीत घरभाड्याची सवलत घेताना वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, त्यामुळे खोट्या पावत्या पकडल्याही जातात. पण पकडलं जाणं हे माझं कारण नाही. त्या कागदावर सही तुमची असते.

खरेदी विभाग, गोदी, कस्टम, बांधकाम परवाने या कामांत 'चहापाणी' येतंच. पहिल्याच वेळी, हसून आणि स्पष्टपणे नकार द्या. दुसऱ्यांदा नकार देणं दसपट अवघड असतं. दिवाळीत पुरवठादाराकडून मिठाई आली तर ती सगळ्या विभागात उघडपणे वाटा. पाकीट आलं तर त्याच दिवशी परत करा आणि वरिष्ठांना ईमेलवर कळवा. वाशीत माल पाठवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या एका तरुणाला यामुळे वर्षभर बढती मिळाली नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. किंमत पडते, आणि अशा वेळी मंडळीतली ती दोन माणसं जवळ लागतात.

५. तुमच्या हाताखालची माणसं

तुम्ही सुपरवायझर झालात की सेवेचा मोठा भाग इथे आहे. कंत्राटी कामगारांचा पगार सात तारखेच्या आत झाला का, जादा वेळेचे पैसे दुप्पट दराने मिळाले का, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) भरलं का, हे पाहा. पीएफमध्ये कामगाराचे १२ टक्के कापले जातात, ईएसआयमध्ये ०.७५ टक्के, कंत्राटदाराने ते कापून भरलेच नाहीत असं होऊ शकतं. ईएसआयचं कार्ड नसेल तर त्या माणसाच्या घरी बाळंतपण किंवा अपघात आल्यावर ते कळतं. मजुराचं वेतन सूर्यास्ताआधी द्या, असं अनुवादच्या चोविसाव्या अध्यायात आहे. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असं याकोब लिहितो.

सफाई करणाऱ्या मावशींना नावाने हाक मारा. त्यांना डबा खायला जागा आहे का ते पाहा. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या साध्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ख्रिस्ती डॉक्टरांनी आपल्या व्यवसायातून सेवा कशी केली याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

तुम्ही स्वतः हाताखालचे असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला सहनशीलता शिकवली जाते, आणि मुलींना जरा जास्तच. अन्याय गिळणं म्हणजे नम्रता नव्हे. फटके मारायला बांधलं तेव्हा पौलाने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्याकडे जायला कचरू नका, आणि मंडळीतल्या कोणीही 'क्षमा कर आणि गप्प बस' असा सल्ला देऊ नये.

६. पूजा, प्रसाद आणि सण

सगळ्यात जास्त प्रश्न याचे येतात. दसऱ्याला मशिनची पूजा, सत्यनारायण, सोसायटीची गणपतीची वर्गणी. आपल्या मंडळ्यांमध्येही यावर एकमत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात पौल मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल लांबलचक लिहितो, आणि दोन गोष्टी धरून ठेवतो: स्वतःची निष्ठा आणि दुसऱ्याचा विवेक. अरामी सेनापती नामानची गोष्टही वाचा. धन्याला हात देऊन रिम्मोनाच्या देवळात जावं लागतं, याबद्दल त्याने क्षमा मागितली आणि अलीशाने त्याला शांतीने जा म्हटलं. कामाच्या जागची ही अडचण आजची नाही.

मी काय करते ते सांगते. तुम्ही प्रार्थनेने आपलं ठरवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझं मशीन मी सगळ्यांच्या बरोबरीने घासूनपुसून लख्ख करते. पूजेच्या वेळी बाजूला शांत उभी राहते. आरती करत नाही, प्रसाद घेत नाही, आणि हे सुपरवायझरला आदल्याच दिवशी एकट्यात सांगून ठेवते. ऐनवेळी सगळ्यांसमोर हात मागे घेतला की समोरच्याचा अपमान होतो. मूर्तिपूजेवर भाषण कधीच देऊ नका. ज्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती येतो त्याच्या मनात त्या दिवसाबद्दल काय असतं हे तुम्हाला माहीत आहे; तुम्ही याच मातीतले आहात.

वर्गणीबद्दल: सोसायटीच्या उत्सवात रक्तदान शिबिर, मुलांच्या स्पर्धा असतात. त्यासाठी पावती फाडायला माझी हरकत नसते. तुमच्या विवेकाला पटत नसेल तर पाणपोईसाठी, सफाईसाठी वेगळे पैसे द्या, पण तोंड लपवू नका.

आणि हे जरूर करा: गणपतीत कोकणात जाणाऱ्यांची, दिवाळीत गावी जाणाऱ्यांची शिफ्ट तुम्ही मागून घ्या. कोणी सांगायच्या आधी. मग गुड फ्रायडे आणि २४-२५ डिसेंबरला तेच सहकारी तुमच्यासाठी उभे राहतात. नाताळला करंज्या, शंकरपाळी, अनारसे भरपूर न्या आणि अख्ख्या शिफ्टला वाटा, कंत्राटी कामगारांपासून सुरुवात करून.

७. विश्वासाबद्दल बोलणं

संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत दिलं आहे. पण तुमच्या कामाच्या वेळेवर आणि अधिकारावर इतरांचाही हक्क आहे. पेत्र म्हणतो, आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. विचारणारे येतात. कोणाची आई आयसीयूत असते, कोणाचं घर मोडायला आलेलं असतं. आधी ऐका. मग विचारा, 'मी प्रार्थना केली तर चालेल का?' नाही म्हटलं तर तिथेच थांबा, आणि रात्री खोलीवर नाव घेऊन प्रार्थना करा.

- हाताखालच्या माणसाला आपल्या चर्चला बोलावू नका. तो नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या हो म्हणण्यालाही अर्थ उरत नाही.
- अंथरुणावरच्या पेशंटला, वर्गातल्या मुलाला हेच लागू.
- पैशाची किंवा नोकरीची मदत विश्वासाशी कधीही जोडू नका. मदत केली की विषय तिथेच संपवा.
- ऑफिसच्या व्हॉट्सॲप गटावर रोज वचनं पाठवू नका.

८. विसावा

जादा शिफ्ट दर आठवड्याला घेऊ नका. गावी पैसे पाठवायचे असतात हे मला माहीत आहे. तरी सात दिवसांत एक दिवस काम बंद ठेवा. शब्बाथाची आज्ञा चाकरांनाही विसावा देते, आणि तुम्ही स्वतःला चाकरापेक्षा वाईट वागवू नये.

९. नोकरी सोडायची वेळ आली तर

'मी सेवेत जाऊ का?' असं विचारणाऱ्यांना मी घाईने हो म्हणत नाही. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितली नाही. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, कोणाला छळू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढंच सांगितलं. सेमिनरीचं पाचारण खरंच असेल तर तुमच्याआधी मंडळीलाही ते दिसतं. पाळकांशी आणि वडीलजनांशी बोला, वर्षभर थांबा. नावडता बॉस हे पाचारणाचं लक्षण नाही.

मात्र जिथे कामच खोट्यावर चालतं, म्हणजे खोटे अहवाल, खोटी प्रमाणपत्रं, फसवून विकलेल्या पॉलिसी, तिथे आधी वरिष्ठांना लेखी सांगा. बदललं नाही तर दुसरी नोकरी शोधायला लागा. हप्ते चालू असताना तडकाफडकी राजीनामा देऊ नका; निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि मंडळीत सांगून ठेवा, कारण रबाळे-महापे भागातल्या जागा ओळखीतूनच आधी कळतात.

नोटिशीचा काळ पूर्ण करा, आणि त्या दिवसांत सगळ्यात चांगलं काम करा. अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या पगाराचा हिशेब लेखी घ्या, पीएफ त्याच यूएएनवर नव्या कंपनीकडे वळवा. काढून खर्च करू नका. कंपनीची फाइल, पासवर्ड, ग्राहकांची यादी यांतलं काही बरोबर नेऊ नका. तुमच्या जागी येणाऱ्यासाठी एक फाइल तयार करा: रोजची कामं, महिन्याची कामं, कोणत्या मशिनची काय खोड आहे, कोणत्या पुरवठादाराला कधी फोन करायचा, आणि कोणत्या कंत्राटी कामगाराचं ईएसआय कार्ड अजून व्हायचं आहे.